माझा पत्ता कार्यालयाच्या टेबलाखाली नाही

मित्रांनो, मला जुना म्हणा, गंजका म्हणा, जड डोक्याचा म्हणा, माझी हरकत नाही. फक्त हरवलेला म्हणू नका. मी एक व्हॉल्व्ह आहे आणि मला बसवले त्या दिवसापासून मी तसूभरही हललेलो नाही. जो हललाच नाही तो हरवेल कसा? हरवले ते दुसरेच कुणीतरी. त्यांची हकिगत ते सांगणार नाहीत, म्हणून मी माझी सांगतो आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे पाण्याच्या वाटेतले दार. तुमच्या घरातली तोटी हे माजघराचे दार म्हटले, तर मी गावाची वेस आहे. टेकडीवर पाण्याची टाकी, टाकीतून निघालेला जाडजूड नळ आणि तो खाली उतरून रस्त्याला भेटतो तिथे मी. मी उघडा असलो की पाच गावे पाणी पितात. मी मिटलो की टाकीतला थेंब खाली येत नाही. एरवी मला उघडाच ठेवतात. म्हणजे माझी नोकरी बहुतेक वेळ काहीच न करण्याची आहे. अशा नोकऱ्या पुष्कळांना असतात. फरक इतकाच, की वेळ आली तर मला काम करावे लागते.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका ओतशाळेत झाला. तांबडेलाल बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतले, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आलो. पाण्याचा दाब देऊन माझी परीक्षा घेतली. मी पास झालो. त्यानंतर कुणी माझी परीक्षा घेतली नाही. घेतली ती सहनशक्तीची. मग मला टेम्पोत घालून भोरला आणले. बाजारपेठेत टेम्पोवाल्याने मिसळ खाल्ली आणि मी ऊन खाल्ले. तिथून भाटघरच्या धरणाला वळसा घालून वेल्ह्याच्या अंगाला चढणाऱ्या रस्त्यावर मला उतरवले. विटांची एक चौकोनी खोली बांधली, तीत मला नळाला जोडले आणि वर लोखंडी झाकण ठेवले. रस्त्याच्या एका कडेला मी, माझ्या खालच्या अंगाला सगुणाबाईची भाताची खाचरे. एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

आता तुम्ही विचाराल, जमिनीखाली राहून याला जगाची एवढी खबर कशी? नळाला तोंड असते हे सगळे जाणतात. नळाला कान असतात हे फार थोड्यांच्या लक्षात येते. आमच्या संस्थेच्या कार्यालयात हात धुवायचे एक बेसिन आहे. त्याच्या तोटीपासून माझ्यापर्यंत एकच नळ आहे. बेसिनपाशी माणसे जे बोलतात ते सगळे माझ्यापर्यंत पोचते. आणि कार्यालयातली खरी बैठक बेसिनपाशीच होते हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

संस्थेचे नाव पाचगाव संयुक्त पाणीपुरवठा संस्था. अध्यक्ष चिमाजीअण्णा. उंच, पांढरा सदरा, बोलणे मोठे आणि कंबर नाजूक. संस्थेत शिपाई होते, पंप चालवणारे होते, वसुलीवाले होते. माणसे यायची आणि जायची. पण नव्या माणसाला शिकवण्यासाठी संस्थेने कधी वर्ग भरवला नाही. त्याची गरजच नव्हती. कारण आमच्याकडे खंडेनवमी होती.

खंडेनवमीला शेतकरी औते पुजतो, सुतार करवत पुजतो. आमची संस्था आम्हाला पुजत असे. पण आम्ही पडलो जमिनीत रुतलेले. आम्हाला उचलून देव्हाऱ्यापुढे नेता येत नाही. म्हणून देवांकडे भटजींनी यावे तशी सगळी संस्था आमच्याकडे चालत येई. अध्यक्षापासून शिपायापर्यंत सगळे, आणि वाटेतल्या घरची माणसेही. पंपापासून सुरुवात, मग टाकी, मग मी, मग खालच्या गावांतले माझे धाकटे भाऊ. प्रत्येकाचे झाकण उघडायचे, आतली माती काढायची, दांड्याला तेल द्यायचे, आणि त्या वर्षी जो नवा लागला असेल त्याच्या हातात मोठी चावी देऊन त्याला व्हॉल्व्ह पुरता मिटून पुन्हा उघडायला लावायचे. मग हळदकुंकू, झेंडू, नारळ. संध्याकाळपर्यंत पाय मोडायचे आणि योजनेतली एकूण एक वस्तू प्रत्येकाच्या पायात बसायची. याला कुणी प्रशिक्षण म्हणत नसे. खोबरे मिळते म्हणून लोक येत.

अशा शेवटच्या पूजेला जी माणसे होती, ती पुढे या गोष्टीत येणार आहेत, म्हणून ओळख करून देतो. चिमाजीअण्णा होतेच. भोरहून नवे व्यवस्थापक आले होते, मंदारसाहेब. चेहरा हुशार, बूट स्वच्छ, हातात मोबाईल. खाचरातून वर चढून सगुणाबाई आली होती. कुणी बोलावलेले नसताना ती दरवर्षी येई, कारण रस्ता सरकारचा असला तरी शेजार तिचा होता. आणि तिची नवी सून नूतन, भोरच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली, पूजेचे ताट धरून उभी होती.

चिमाजीअण्णांनी नारळ फोडण्याचा आव आणला आणि कंबर धरली.

"सगुणाबाई, जरा तुमीच फोडा. माजा हात आज बरा न्हाई."

"हात का कंबार, अण्णा?" सगुणाबाई म्हणाली. "दरसाली येगळा अवयव जातोय तुमचा. एक साल यायचं, का निस्ता सदराच आला पूजंला."

सगळे हसले. मंदारसाहेब फोटो काढायला मागे मागे सरकत गेले आणि रस्त्याच्या चरीत बसले. मग आणखी हसले. इतका हशा माझ्या डोक्यावर पुन्हा झाला नाही.

पुढच्या वर्षी ज्ञानझरा आला.

ज्ञानझरा हे एका संगणक प्रणालीचे नाव. ती समजावून द्यायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी बेसिनवर हात धुता धुता मंदारसाहेबांना सांगितले, "संस्थेचे ज्ञान माणसांच्या डोक्यात राहिले, तर माणसाबरोबर ते निवृत्त होते. म्हणून ते यंत्रणेत उतरवा. म्हणजे कुणालाही, केव्हाही, कुठूनही मिळेल." मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला ते पटले. आजही पटते. मी यंत्र आहे, यंत्राचा द्वेष मी करणार नाही. विहिरीत पोहरा सोडण्यात काही चूक नाही. पोहऱ्यात पाणी आले की नाही एवढे मात्र कुणीतरी वाकून बघावे लागते.

प्रणाली चालवायला नूतनला नेमले. आमच्या प्रत्येकाची नोंद करायची होती: नाव, आकार, अवस्था आणि स्थान. स्थानासाठी मोबाईलवर एक बटण होते. ते दाबले की मोबाईल आपण कुठे आहोत ते स्वतःच टिपून घेई.

नूतनने विचारले, "साहेब, मग जागेवर जाऊन भरायचं ना?"

"जागेवर कशाला?" मंदारसाहेब म्हणाले. "ते व्हॉल्व्ह आहेत. पळून थोडेच जाणार आहेत! वरून फोन आलाय, संध्याकाळपर्यंत शंभर टक्के नोंदणी पाहिजे. बस इथेच आणि भर."

"पण साहेब, बटन दाबलं तर—"

"नूतनताई, बटण दाबण्यासाठीच असतं."

नूतन बसली तिथेच आणि तिने बटण दाबले. प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एकदा. मोबाईलने प्रामाणिकपणे नूतन कुठे बसली आहे ते पुनःपुन्हा टिपून घेतले. अशा रीतीने संध्याकाळच्या आत पाच गावांची टाकी, पंप, सगळे व्हॉल्व्ह आणि मी, आम्ही सर्वजण कार्यालयाच्या टेबलाखाली राहायला गेलो. नकाशावर आमचा सगळ्यांचा मिळून एक लाल ठिपका उमटला.

"वा!" मंदारसाहेब म्हणाले. "किती सुटसुटीत योजना आहे आपली!"

शंभर टक्के नोंदणीबद्दल संस्थेला प्रमाणपत्र मिळाले. ते बेसिनच्या वर टांगले आहे.

मग खंडेनवमी आली. मी वाट पाहिली. झाकणावर पावले वाजली, पण ती बकऱ्यांची होती. त्या वेळी कार्यालयात काय चालले होते ते मला तोटीने सांगितले. चिमाजीअण्णा म्हणत होते, "ह्या साली माजे गुडगं लई धरल्यात. चालत जायाचं म्हंजी..."

"चालत जायचंच कशाला अण्णा?" मंदारसाहेब म्हणाले. "सगळे व्हॉल्व्ह आता ह्यात आहेत. ह्यालाच हार घाला."

आणि संगणकाला हार घातला. हळदकुंकू लावले. झेंडूच्या पाकळ्या कळफलकात गेल्या आणि 'स' हे अक्षर दिवाळीपर्यंत उमटले नाही. नारळ उंबऱ्यावर फुटला. अण्णांची कंबर वाचली, साहेबांचे बूट वाचले. दांड्याला तेल दिल्याची नोंद नूतनला करावी लागली, कारण ती केल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. माझ्या दांड्याला त्या वर्षीपासून दरवर्षी नियमित तेल दिले जाते. ते मला लागत नाही, हा माझा दोष असावा.

त्यानंतर रस्ता रुंद करायचा ठरला. इथे मी कंत्राटदाराला दोष देणार नाही. त्याने रीतसर विचारले होते, "या रस्त्याखाली तुमचं काही आहे का?" संस्थेने ज्ञानझऱ्यात पाहिले. रस्त्यावर एकही ठिपका नव्हता. संस्थेने उलट टपाली कळवले, "आमचे काहीही नाही." मग शेजारची जांभूळ तोडली, मैलाचा दगड उपटला, खडी आली, रोलर आला आणि माझ्या झाकणावर डांबर बसले. जाड, काळे, गुळगुळीत. वरून मंत्र्यांची गाडी गेली तेव्हा आत बसलेल्यांनी रस्त्याची तारीफ केली. मी ऐकली.  

अंधाराची मला सवय होती. माझ्या खोलीत राहणारे बेडूक मात्र गेले, त्यांना जाता आले. मी राहिलो. गंज चढत होता आणि मी मनाशी एकच गोष्ट घोकत होतो: कागद काहीही म्हणो, मी इथेच आहे. बीडाच्या वस्तूला दुसरे काही पाठ होत नाही.

आणि मग भातकापणीच्या दिवसांत ती सकाळ आली.

सगुणाबाईने वरच्या खाचरातला इंद्रायणी भात कापून वाळायला आडवा पसरला होता. खालच्या खाचरांतले कापून झालेले भारे तळाच्या खळ्यावर आणून त्यांची मोठी उडवी रचली होती. झोडणी तेवढी बाकी. घरचा वर्षाचा तांदूळ सगळा त्या उतारावर उघडा पडलेला. त्याच सकाळी माझ्या खालच्या बाजूला एका फार्महाऊसच्या कुंपणासाठी जेसीबी चर खणत होता. त्याच्या दातात आमचा मोठा नळ आला आणि फुटला.

मला तो फटका हाडापर्यंत जाणवला. पहाटेच टाकी काठोकाठ भरलेली. ते सगळे पाणी माझ्यातून धावत सुटले आणि फुटक्या तोंडातून थेट सगुणाबाईच्या वरच्या खाचरात कोसळू लागले. जेसीबीवाल्याने गाडीची किल्ली काढली आणि तो चहा प्यायला गेला. तो अजून आलेला नाही.

कार्यालयात नूतनचा फोन वाजला. तिने तो उचलला तेव्हा ती बेसिनपाशी होती, आणि सगुणाबाईला फोनवर बोलायला फोन लागत नाही, इतका तिचा आवाज आहे.

"अगं नूतन! तुज्या हापिसाचं पानी माज्या भातात शिरलंय! बंद कर आदी!"

"आत्या, पंप बंद करते लगेच—" नूतन सासूला आत्या म्हणते.

"पंपाला काय करतीस? टाकी वतायलीया वरनं! पयलं खाचार गेलं, दुसऱ्याचा बांद खचतोय. उडवीपातुर आलं तर वरीसभर काय खायाचं, तुजा कंपूटर?"

नूतनने धावत जाऊन ज्ञानझरा उघडला. माझे नाव शोधले. मी लगेच सापडलो. प्रणाली उत्तमच चालत होती. अवस्था: उत्तम. तेल: दिले. स्थान: कार्यालय. मंदारसाहेब तिच्या मागे उभे होते. त्यांनी पडदा पाहिला आणि क्षणभर, केवळ क्षणभर, टेबलाखाली वाकून पाहिले. हे मी त्यांच्या बदनामीसाठी सांगत नाही. बुडत्या माणसाला काडीचा आधार.

मग चिमाजीअण्णांसकट सगळे साहेबांच्या गाडीत बसून निघाले. निघताना नूतनने परसदारी जाऊन मोठी चावी घेतली. ती तिथे फडकी वाळत घालायला लावलेली होती.

माझ्यापासून थोडी अलीकडे गाडी थांबली तेव्हा सगुणाबाई रस्त्यावर पहार घेऊन उभी होती.

"कुठं हाय तो?" तिने विचारले.

मंदारसाहेबांनी मोबाईल पुढे धरला. मोबाईलमधली बाई शांतपणे म्हणाली, "मागे वळा."

"ही कोन भवानी?" सगुणाबाई म्हणाली. "हिला म्हनावं, तू वळ मागं. मला व्हॉल दाव."

  समोर रुंद, काळा, सारखा रस्ता. झाड नाही, दगड नाही, खूण नाही. सगुणाबाईने पहार उचलली आणि दिसेल तिथे डांबरावर घातली.

"अहो बाई! अहो, हा रस्ता सरकारी आहे! खोदायला परवानगी लागते!" मंदारसाहेब ओरडले.

"व्हय? आन् माजं भात कुनाच्या परवानगीनं भिजतंय?"

"हिकडं न्हाई, हितं हुता," चिमाजीअण्णा म्हणाले. "म्या सोता नारळ फोडलाय हितं."

"तुमी?" सगुणाबाईने पहार खाली टेकली. "अण्णा, देवाचं नाव घ्या. तुमी जल्मात नारळ फोडला न्हाई. तुमी तकडं जांबळीच्या सावलीला हुबं ऱ्हायचा, ऊन लागतं म्हनून. फोडायचे म्या."

"जांभूळ कुठंय आता?" मंदारसाहेबांनी विचारले.

"ही काय, मुळी दिसतीया!" ती डांबराच्या कडेला उठून आलेल्या मुळीवर पाय आपटत म्हणाली. "हितं हुबं ऱ्हा. ऱ्हा म्हनते ना!"

अध्यक्ष मुळीवर जाऊन उभे राहिले. निवडून आल्यापासून त्यांनी इतक्या लवकर कुणाचे ऐकले नव्हते.

"आन् म्या हितनं वर आले," सगुणाबाई बांधाच्या चढणीपाशी गेली. "चढनीला लागूनच हुबी ऱ्हायचे. अण्णा माज्या समूर."

"समूर न्हाई, तिरपं."

"तिरपं तर तिरपं! सरका तिरपं! भात चाललंया आन् तुमी मापं काढताय!"

नूतन मधेच थबकली. "आत्या, मी तुमच्या डाव्या हाताला होते. ताट घेऊन. ऊन डोळ्यांवर येत होतं, मी पदर पुढं घेतला होता." ती जाऊन उभी राहिली, उन्हाकडे तोंड करून दोन पावले सरकली. "इथं. आणि साहेब, तुम्ही—"

"मी फोटो काढत होतो," मंदारसाहेब म्हणाले. "पण तो मोबाईल मी बदलला. त्यात होता फोटो."

"फोटू जळू दे. पडला कुठं तुमी?" सगुणाबाईने विचारले.

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण मी माणसाला त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून तोलत नाही. त्यांनी मोबाईल खिशात घातला, रस्ता ओलांडला, चरीत उतरले आणि स्वच्छ बुटांनिशी चिखलात उभे राहून हात पुढे केला. "इथे. मी मागे मागे येत इथे पडलो. म्हणजे तुम्ही सगळे माझ्या समोर होतात, आणि मी फोटो काढत होतो तो..." ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "कुणी हलू नका."

चौघे चार अंगांना उभे होते. कुणीही दुसऱ्याचे पूर्ण बरोबर आहे असे मानत नव्हते. पण माणसे जेव्हा एखाद्या गोष्टीभोवती उभी राहतात, तेव्हा त्या गोष्टीवर कुणी उभे राहत नाही. चौघांच्या मधे एक रिकामी जागा उरली होती. तिथे कुणीच नव्हते.

तिथे मी होतो.

सगुणाबाई पहार घेऊन त्या जागेकडे चालत आली. मंदारसाहेब चरीतून ओरडले, "घाला! परवानगीचं मी बघतो!" पहिल्या घावाला डांबर तडकले. दुसऱ्याला माझे झाकण वाजले.

मित्रांनो, त्या आवाजाचे वर्णन मी करणार नाही. इतक्या वर्षांनी कुणी दार वाजवले तर तुम्हाला काय वाटेल तेवढे समजून घ्या.

झाकण निघाले. ऊन आत आले. नूतनने चावी माझ्या दांड्यावर बसवली आणि मंदारसाहेबांनी जोर लावला. मी फिरलो नाही.

गंजामुळे असे तुम्हाला वाटेल. गंज होताच. पण खरे सांगतो, मी फिरणारच नव्हतो. मी मनात म्हणालो, आता फिरवता होय? जा, टेबलाखालचा फिरवा. त्याला वर्षानुवर्षे तेल मिळाले आहे, तो लोण्यासारखा फिरेल. मला डांबराखाली गाडून 'अवस्था उत्तम' लिहिणाऱ्यांनो, आता मीही माझी अवस्था दाखवतो.

चिमाजीअण्णा कंबर विसरून चावीला लोंबकळले. नूतन लोंबकळली. मी हललो नाही. मग सगुणाबाईने पहार टाकली, चावीची एक बाजू धरली आणि माझ्या अंगावर ओरडली, "अरं फिर की मुडद्या! उडवीला पानी लागंल माज्या!"

तेव्हा मला खाली कोसळणारे पाणी ऐकू आले. दुसऱ्या खाचराचा बांध गेला होता. पाणी तळाच्या खळ्याकडे निघाले होते. ज्यांचा मला राग होता त्यांच्या घरी त्या दिवशी दुकानातला तांदूळ शिजणार होता. जिचे नुकसान होत होते ती दरवर्षी न बोलावता माझ्या पूजेला चढून येत होती. माझे भांडण कार्यालयाशी होते. भाताशी नव्हते.

मी फिरलो.

करकरत, कुरकुरत, शिव्या देत फिरलो, पण फिरलो. एकेक वेढ्याने पाणी अडवणारा माझा पडदा खाली उतरला. पाण्याचा आवाज बारीक झाला, मग नुसती सुरसुर, मग जवळजवळ काही नाही. एक बारीक धार मी शेवटपर्यंत सोडत राहिलो. तेवढा राग मला परवडतो.

पाणी उडवीच्या पायथ्याला लागून थांबले. तळचा एक थर भिजला. वरचे सगळे भारे वाचले. वरच्या खाचरातला आडवा पडलेला भात मात्र चिखलात गेला. सगुणाबाई बांधावर बसली. नूतन तिच्याशेजारी जाऊन बसली.

"आत्या, ती नोंद मीच केली होती. खुर्चीत बसून."

"ठावं हाय मला," सगुणाबाई म्हणाली. "उठ आता. भारं धुवून काढू. चिखल सुकला तर दानं काळं पडत्याल."

दोघींनी, आणि मागून आलेल्या वाडीतल्या बायकांनी, चिखलातले भारे उचलून धुतले आणि वाळायला रस्त्यावर पसरले. माझ्या उघड्या खोलीच्या भोवती, अर्धा रस्ता अडवून. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराची माणसे खड्डा बुजवायला डांबर घेऊन आली. सगुणाबाई माझ्या झाकणावर बसली होती.

"बाई, उठा. खड्डा बुजवायचाय."

"हा खड्डा न्हाई. हा व्हॉल हाय. झाकन रस्त्याच्या वर आलं पायजे. मग उटते."

मंदारसाहेबांना बोलावले. ते म्हणाले, "अहो, नियमाप्रमाणे झाकण रस्त्याच्या समपातळीत लागतं."

"समपातळीत हुतं म्हनून तर पुरलं. वर करा."

"गाड्या आपटतील."

"आपटू द्या."

पसरलेला भात वाळेपर्यंत ती उठली नाही. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देऊन देऊन दमला आणि कडेने जायला शिकला. साहेबांनी शेवटी सिमेंटचा कठडा करून माझे झाकण डांबराच्या चांगले वर आणले. परवानगी न घेता. त्यांच्या नोकरीतले ते पहिलेच काम, ज्याची कुठेही नोंद नाही, आणि माझ्या मते सर्वांत चांगले.

घडल्या प्रकाराचा अहवाल मात्र ज्ञानझऱ्यात गेला. त्यात 'मिळालेला धडा' असा एक रकाना आहे. तिथे स्वतःचे काही लिहिता येत नाही; दिलेल्यांपैकी एक निवडावे लागते. साहेबांनी सगळे पर्याय पुन्हा पुन्हा वाचले आणि 'इतर' निवडले.

आता भोरहून येणारी प्रत्येक गाडी माझ्यावर एकदा आपटते. चालक मला शिव्या देतो आणि शेजारच्याला सांगतो, "पुढच्या येळंला ध्यानात ठेव, हितं झाकान हाय. डावीकडनं घे." तो दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. नवा ड्रायव्हर डेपोतून निघण्याआधीच मला ओळखतो. मला प्रमाणपत्र नको, हार नको. शिव्या द्या, पण ठिकाण नीट सांगून द्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कार्यालयांत बसाल. तुमच्याजवळ आजच्याहून चांगली यंत्रे असतील. ती जरूर वापरा. त्यांत सगळे लिहून ठेवा, सगळ्यांना वाटून द्या, लपवून ठेवू नका. मात्र लिहिण्याआधी खुर्चीतून उठा. वस्तूपाशी जा. तिला हात लावा, फिरवून पाहा, आणि एकट्याने जाऊ नका, भांडणारी चार माणसे बरोबर न्या. एकाची आठवण चुकते. चौघांच्या आठवणी भांडल्या, तर मधे काहीतरी खरे उरते.

नूतनने माझे स्थान दुरुस्त करायला घेतले होते. या वेळी ती ऊन डोक्यावर घेऊन माझ्यापाशी उभी राहिली आणि तिने बटण दाबले. प्रणाली म्हणाली, ही नोंद अंतिम झाली आहे, बदलासाठी वरिष्ठांकडे अर्ज करावा. अर्ज केला आहे. वरिष्ठांनी उलट विचारले आहे की व्हॉल्व्ह कार्यालयातून रस्त्यावर कुणाच्या आदेशाने हलवला.

त्यांना माझे उत्तर कळवा. कुणीही हलवलेला नाही. आमच्या दोघांत, मी आणि तो लाल ठिपका, एकाला हलावे लागेल. तो हलका आहे, त्याला जमेल.

मी हलणार नाही.